डोळ्यांत तेल

रोज संध्याकाळी कोठारात,
कार्नीच्या उत्तरेला, जिथं मक्याशिवाय ऐकायला कुणी नाही,
डार्लीन गाडीत बसते
आणि मी तिच्या हेल्मेटवर
आईच्या ओट्यावरचं जाड फडकं बांधतो.
मग स्टॉपवॉच.
"आग," मी म्हणतो,
जेवताना मीठ मागावं तशा आवाजात.

डावा हात : बाटल्यांचा दांडा.
उजवा : छातीवरची कडी. सगळे पट्टे तिथंच येऊन मिळतात.
हेल्मेटची नळी तेवढी वेगळी,
तिचाच विसर पडतो.
मग वर, छतातलं झाकण, ट्रंकेच्या झाकणाएवढं.
खांदे निघतात,
कंबर अडते,
एक चेक शिवी येते, आजीकडून आलेली,
आणि कंबरही निघते.
नऊ सेकंद.
सूट चाळीस सेकंद टिकतो, असं शिवणारे सांगतात.
"पुन्हा," फडक्याआडून ती म्हणते.

फनी कार. हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे,
हसताना मी कुणाला पाहिलेलं नाही.
लोकांना वाटतं, समोर काच आहे म्हणजे दिसतं.
समोर इंजिन असतं, मांडीवर घेतल्यासारखं जवळ,
त्याच्यावर ब्लोअर, आणि ब्लोअरची ती उंच टोपी.
तिच्या वाट्याला येतं दोन्ही बाजूंना उरलेलं काहीबाही :
इकडे भिंतीचा पांढरा काठ,
तिकडे आभाळाची चिंधी.
या दोन तुकड्यांना टाका घालून
ती पाव मैल सरळ जाते.

आणि मागचं तर काहीच नाही.
म्हणून टायर जाळून, धूर करून ती पुढं गेली की
मी तिच्यासमोर उभा राहतो.
माझे तळवे हेच तिचे आरसे.
डावीकडे, बोटभर. बस. ये. ये.
स्वतःच्याच काळ्या खुणांवर
ती उलटी परत येते,
माझ्या चेहऱ्याकडे न बघता.

एमिलकाकाच्या काळी छताला झाकण नव्हतं.
तो याबद्दल बोलत नाही.
कोलाचे उचलताना त्याची बोटं बोलतात,
जी दोन पूर्ण मिटत नाहीत ती.

ऑगस्टमधला शनिवार, दुसरी फेरी.
हजार फुटांवर पिस्टन गेला.
महिनोन्‌महिने डोळ्यांत तेल घालून जपलेलं सगळं,
आणि आता खरंच तेल,
काळं, उकळतं, तिच्या काचभर.
मग नारिंगी.
सुरुवातीच्या रेषेवरून मला दिसला
सरळ निघून जाणारा एक कंदील,
त्याच्यामागं उमललेल्या दोन छत्र्या.

दुर्बीण काकाकडे होती.
त्याचे हात थरथरत होते, तरी ती त्यानं दिली नाही.
"थांबली," तो म्हणाला.
मी मोजू लागलो.
चार.
पाच.
"धूर आहे नुसता."
सहा.
नळी, डार्लीन, नळी.
"झाकण."
सात.
"हातमोजा."
पुढं तो काहीच बोलला नाही, आणि मी
तिच्या कमरेपाशी अडकून राहिलो,
आठवर, किती तरी वेळ.

ट्रकनं आम्ही पोचलो तेव्हा ती भिंतीला टेकून
बूट काढत बसली होती, भुवया शाबूत,
चिडलेली, कारण उजवीकडची बाटली उशिरा सुटली होती.
"काही दिसलं का आत?" मी विचारलं.
"तुझं ते फडकं," ती म्हणाली,
"त्याला कांद्याचा वास येतो. धुऊन टाक."
मग म्हणाली, "किती?"

खिशातलं स्टॉपवॉच बाहेर काढलं.
बंद करायचं राहिलंच होतं.
एकोणीस मिनिटं, आणि आकडे अजून पळत होते.

पलीकडे एमिलकाका
काजळलेल्या छतावर वाकून
झाकणाच्या बिजागरीत
न मिटणाऱ्या बोटानं ग्रीस भरत होता.